डेल्फिया गेहार्टने परवाना का काढला

आमच्या खोऱ्यात बाप गेला की त्याच्या बंदुका थोरल्या मुलाकडे जातात. ते कुणी ठरवावं लागत नाही आणि त्यासाठी वकीलही लागत नाही. पुरून झालं, चर्चच्या तळघरात जेवणं झाली, की मुलगा आपला ट्रक मागच्या दाराला लावतो आणि आई बाजूला सरते. होबार्ट गेहार्ट गेला तेव्हा त्याच्या घरात भिंतभर बंदुका होत्या. त्या आता त्याच्या मुलाच्या, अर्लिसच्या होणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. अर्लिसनेही.

त्याच्या बायकोने, डेल्फियाने, त्या शनिवारच्या बाजारात नेऊन विकल्या.

हा बाजार गुरांच्या लिलावाच्या आवारामागे भरतो. ट्रकची मागची फळी पाडायची किंवा घडीचं टेबल मांडायचं, झालं दुकान. शिकारी कुत्री, चाकू, मधाच्या बरण्या, जुन्या बंदुका, सगळं एका रांगेत. होबार्ट जाऊन फार दिवस झाले नव्हते. डेल्फियाने अंगात घातलेल्या त्याच्या कोटाच्या बाह्या दुमडल्या, टेबलावर गोधडी अंथरली आणि तिच्यावर रायफली ओळीने मांडल्या. आधी कुणी जवळ येईना. मेलेल्या माणसाच्या बंदुका बायको विकते आणि मुलगा धडधाकट जिवंत आहे, म्हणजे काय समजायचं?

शेजारच्या टेबलावर फॅरिस स्लोन चाकू विकायचा. होबार्टचा जुना दोस्त, जीभ त्याच्या चाकूंपेक्षा धारदार. तो म्हणाला, "डेल्फी, अर्लिसला काय सांगशील?"

"सांगून झालं."

"मग काय म्हणाला?"

"दार आपटून गेला. दार नीट आहे अजून."

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. अर्लिसने आपल्या बायकोचा, मेल्डाचा, जबडा मोडला होता. खटला झाला, गुन्हा शाबित झाला, आणि यापुढे त्याला जन्मात बंदूक बाळगता येणार नाही असं न्यायाधीशाने भर कोर्टात वाचून दाखवलं. मेल्डा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. जबडा तारेने बांधलेला असताना ती तिथे उभी राहून मुलांना वाटाणे वाढत होती. पुढे ती परत त्याच्याच घरी गेली. का गेली ते ज्यांच्या घरात असं काही झालेलं नाही त्यांनी विचारू नये. गाव म्हणालं, कोर्टाचं कोर्टात झालं, बापाची रायफल ही वेगळी गोष्ट. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मग बोलायचं कुणी? डेल्फियाने कुणाला काही समजावलं नाही. तिने विकायला काढल्या.

होबार्टच्या बंदुका संपल्या तेव्हा टेबलही बंद व्हायला हवं होतं. पण तिला एव्हाना त्याची गोडी लागली होती, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. चाळीस वर्षं होबार्टने बंदुका साफ करताना तिला समोर बसवून घेतलं होतं. नळीत डोकावून गंज कुठे आहे हे ती बघताक्षणी सांगायची. शेवटची रायफल देताना तिने पैशांऐवजी एक जुनी दोन नळ्यांची बंदूक घेतली, ती घासूनपुसून पुढच्या शनिवारी दुसऱ्याला दिली, आणि तिच्या बदल्यात दोन आणल्या. मग पलीकडच्या गावातली एक विधवा नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर घेऊन आली. "घरात नको वाटतं, तूच काय ते बघ," म्हणाली. तिच्यामागून आणखी एक आली. डेल्फिया त्यांना योग्य भाव द्यायची, फसवायची नाही, आणि स्वतःचेही दोन पैसे वर काढायची. शनिवारी सफरचंदांच्या तळलेल्या करंज्या आणि थर्मासभर कॉफी घेऊन ती पहाटेच जागा धरायची. घरात बसून छताकडे बघण्यापेक्षा हे बरं होतं.

आमच्याकडे अदलाबदलीला विक्री म्हणत नाहीत. तू मला कुत्रा दे, मी तुला बंदूक देतो, वर थोडे डॉलर टाक. ही झाली शेजारधर्माची देवघेव. आजा करायचा, पणजा करायचा, त्यात सरकारचं काय जातं? आणि दुसरं असं, की देवघेवीत समोरच्याला नाव विचारत नाहीत. ओळखीच्याला विचारलं तर तू मला ओळखत नाहीस का असं होतं. अनोळख्याला विचारलं तर तू चोर आहेस असं म्हटल्यासारखं होतं. हात पुढे करायचा, दाबायचा, माल द्यायचा. डेल्फियानेही कुणाला कधी नाव विचारलं नाही.

वसंतात एक सरकारी बाई बाजारात आल्या. बंदुकांचा कारभार बघणाऱ्या केंद्राच्या खात्यातल्या. पायात चिखलाचे बूट आणि बोलणं मऊ. त्या प्रत्येक टेबलाशी थांबून समजावत होत्या. लोक त्यांना बघून चाकूंवर फडकी टाकत होते, चाकूंचा काही संबंध नसताना.

डेल्फियाच्या टेबलाशी त्या म्हणाल्या, "बाई, घरातल्या बंदुका विकताय, यजमानांचा संग्रह मोडताय, तोवर परवाना लागत नाही. पण विकण्यासाठीच घेताय, पुन्हा पुन्हा घेताय, त्यातून नफा काढताय, तर तो धंदा झाला. त्याला विक्रेत्याचा परवाना लागतो."

"मी विकत नाही, बदलते," डेल्फिया म्हणाली.

"बदली केली तरी तोच हिशेब."

"मग किती बंदुकांनंतर धंदा होतो ते सांगा. तेवढ्यावर थांबते."

"आकडा ठरलेला नाही. कशासाठी करताय ते बघतात."

फॅरिस मध्येच म्हणाला, "बाई, ही करंज्यापण विकते. त्यांचा परवाना?"

सरकारी बाई हसल्या, त्यांनी एक करंजी विकत घेतली, आणि आपला पत्ता ठेवून पुढे गेल्या. त्या दिवशी त्यांना कुणाला धरायचं नव्हतं, सांगायचं होतं. पण डेल्फिया घरी येईपर्यंत धुमसत होती. खरं सांगायचं तर तिला कळलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचाच प्रकार चालला होता, आणि तो तिच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक नव्हता. पण परवाना काढायचा म्हणजे प्रत्येकाचं नाव घ्यायचं, ओळखपत्र बघायचं, कागद भरून घ्यायचा, सरकारी कचेरीला फोन करून विचारायचं की या माणसाला बंदूक द्यावी का. आमच्या खोऱ्यात! तिने तो पत्ता पिठाच्या डब्याखाली सरकवला आणि पुढच्या शनिवारी परत टेबल मांडलं.

त्याच टेबलावर तिने ते रिव्हॉल्व्हर दिलं. विधवेकडून आलेलं, लहान नळीचं, मुठीचा टवका उडालेलं. घेणारा रँडल नावाचा माणूस होता, लाकडाच्या गिरणीतला, बोलायला गोड. त्याने लाकडं कापायची एक चेनसॉ दिली आणि वर थोडे डॉलर. हा रँडल अर्लिसच्याच गिरणीत होता. डेल्फियाने त्याला अर्लिसच्या ट्रकमध्ये बसलेलं पाहिलं होतं, एकदा नव्हे, बऱ्याचदा. तेवढ्या क्षणापुरतं तिच्या मनात काहीतरी चमकलं. पण विचारायचं नसतं. तिने हात दाबला.

महिनाभराने मेल्डा भर दुपारी तिच्या दाराशी आली. शाळेतली टोपी अजून डोक्यावर होती.

"आई, तुम्हाला सांगू का नको कळत नाही."

"आलीस म्हणजे सांगायलाच आलीस. बस."

मेल्डा बसली नाही. "त्यांच्या ट्रकमध्ये सीटखाली पिस्तूल आहे. सापांसाठी ठेवलंय म्हणतात. काल मला दाखवलं. नुसतं दाखवलं, काही बोलले नाहीत."

"कसं आहे?"

"लहान. मुठीचा टवका उडालाय."

डेल्फियाने बीन्सचं भांडं शेगडीवरून उतरवलं. तिने नवऱ्याच्या बंदुका का विकल्या होत्या? या एका मुलाच्या हाती लागू नयेत म्हणून. आणि आपल्याच हाताने, गोधडी अंथरलेल्या आपल्याच टेबलावरून, त्याला बंदूक पोचवली होती. माहीत नव्हतं म्हणायची सोय होती. पण ती तशी म्हणणारी बाई नव्हती.

"घरी जाऊ नकोस," ती म्हणाली. "इथेच थांब. कपडे मी आणते."

ती आधी गिरणीवर गेली. जेवणाची सुटी होती, माणसं ओंडक्यांवर बसून डबे खात होती. डेल्फिया सरळ अर्लिसच्या ट्रककडे गेली, दार उघडलं, सीटखाली हात घातला आणि रिव्हॉल्व्हर काढून पर्समध्ये टाकलं. अर्लिस धावत आला. सहा फुटांचा माणूस, पण आईपुढे पोहोचल्यावर त्याचे हात लोंबकळायला लागले.

"आई, काय करतेस? लोक बघतायत."

"बघू दे. कोर्टातही बघत होते."

"ते माझं आहे."

"तुझं असूच शकत नाही. हे तुलाही ठाऊक आहे."

तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे घेशील. मी दुसरं घेईन. बाजारात तुझं एकटीचंच टेबल आहे काय?"

"नाही," डेल्फिया म्हणाली. "पण माझंही होतं." ओंडक्यावर बसलेला रँडल डब्यात तोंड खुपसून होता. तिने त्याच्याकडे जितका वेळ बघायचं तितका वेळ बघून घेतलं आणि ती निघाली. तिथून ती अर्लिसच्या घरी जाऊन मेल्डाचे कपडे घेऊन आली. रिव्हॉल्व्हर तिने फॅरिसकडे नेलं. त्याच्या शेडमध्ये लोखंड कापायची ज्योत आहे.

"काप," ती म्हणाली.

"चांगलं चाललेलं हत्यार, डेल्फी."

"म्हणूनच."

फॅरिसने कापलं. कापून झाल्यावर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "आता टेबल बंद करतेस तर?"

"बंद करून काय होईल? ज्याला हवंय तो तुझ्याशेजारच्या टेबलावरून घेईल. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. मला विचारता यायला पाहिजे, फॅरिस. नाव विचारता यायला. आणि विचारलं तर कुणी मला वेडी म्हणता कामा नये."

तिने पिठाच्या डब्याखालचा पत्ता काढला.

पुढचं सगळं गाव चवीने बघत होतं. एका म्हातारीने बोटांचे ठसे दिले, फोटो काढले, शेरीफला रीतसर कळवलं. शेरीफच्या कचेरीतली मुलगी म्हणाली, "आजी, तुम्ही दरोडा घालणार आहात का?" डेल्फिया म्हणाली, "घालायचाच झाला तर तुझ्या कचेरीवर घालीन, कॉफी तरी बरी मिळेल." होबार्टची कामाची शेड तिने रिकामी केली, पत्रे बदलून घेतले, दाराला जाड कुलूप लावलं, लोखंडी कपाट आणून जमिनीला बोल्टांनी पक्कं केलं. त्यासाठी तिने होबार्टची बोट विकली. परवाना मिळेपर्यंत शनिवारी तिची जागा रिकामी राहिली आणि फॅरिस त्या जागेवर आपले चाकू पसरायला लागला. चर्चमध्ये बायका तिच्या बाकावर बसायच्या पण मध्ये अंतर सोडून. डेल्फी सरकारची झाली, असं बोलणं होतं. कुणी म्हणालं, मुलाला जेरबंद करायला निघालीय. हे शेवटचं तिला लागलं, आणि ती त्या रविवारी प्रार्थना अर्धी टाकून घरी आली.

तपासणीला त्याच सरकारी बाई आल्या. शेड बघितली, कपाट हलवून बघितलं. मग विचारलं, "परवाना कशासाठी हवाय?"

"लोकांना नाव विचारता यावं म्हणून."

"ते तर परवान्याशिवायही विचारता येतं."

"तुमच्याकडे येत असेल," डेल्फिया म्हणाली. "आमच्याकडे नाही येत. तुमचा कागद भिंतीवर असला की मी म्हणेन, माझा नाइलाज आहे, सरकारने सांगितलंय. मग कुणाचा अपमान होत नाही. अपमान झालाच तर तुमचा होतो."

बाईंनी हे लिहून घेतलं की नाही ठाऊक नाही. पण परवाना आला.

शेड उघडली त्या आठवड्यात पहिलं गिऱ्हाईक फॅरिस. ससे मारायची एक हलकी रायफल त्याने उचलली आणि खिशात हात घातला.

"आधी नाव," डेल्फिया म्हणाली.

"काय?"

"नाव सांग. आणि गाडीचं लायसन्स दाखव."

फॅरिसने खिशातून हात बाहेर काढला. "तुझ्या लग्नात मी होबार्टला टाय बांधला. त्याची शवपेटी खांद्यावर घेऊन टेकडी चढलो. आणि माझं नाव विचारतेस?"

"तुझंही विचारणार, पाद्रीबाबांचंही विचारणार. सगळ्यांना विचारलं तरच एखाद्याला विचारता येतं."

त्याने रायफल खाली ठेवली आणि निघून गेला. डेल्फियाने ती जागेवर लावली. दुपारी तो परत आला. रागाने लाल होऊन, एकेक अक्षर मोठ्याने उच्चारत त्याने आपलं नाव लिहिलं, आडनावात दोनदा खाडाखोड केली, आणि फोनवरून होकार येईपर्यंत पाठ करून उभा राहिला. जाताना म्हणाला, "टाय तिरका बांधला होता. बरं झालं." मग बाकीचेही कुरकुरत यायला लागले. विधवा तर आधीपासूनच येत होत्या.

रँडल आला तो एका मंगळवारी. मेल्डा आत स्वयंपाकघरात होती, शाळेला सुटी होती. तो आला, टोपी काढली, हवापाण्याचं बोलला, आणि कपाटातल्या एका पिस्तुलाकडे बोट दाखवलं. रोख पैसे हातातच होते. डेल्फियाने पिस्तूल काढलं नाही. कागद पुढे ठेवला आणि त्यावर पेन.

"मोठ्याने वाच," ती म्हणाली.

"वाचता येतं मला, बाई."

"म्हणूनच म्हणतेय."

रँडलने नाव लिहिलं, पत्ता लिहिला. पुढच्या प्रश्नाशी पेन थांबलं. ही बंदूक घेणारे खरे तुम्हीच आहात का, की दुसऱ्या कुणासाठी घेताय? खोटं लिहिलं तर तुरुंग, हेही तिथेच छापलेलं होतं. रँडलने खिडकीतून बाहेर पाहिलं. डेल्फियानेही पाहिलं. रस्त्याच्या कडेला, सिकामोरच्या झाडाखाली, अर्लिसचा ट्रक इंजिन चालू ठेवून उभा होता.

तिने कागद उचलला, पेन उचललं आणि ती बाहेर गेली. गुडघे दुखत होते, पण ती थांबली नाही. अर्लिसने तिला येताना पाहून काच खाली केली, कारण काच वर ठेवून आईकडे बघत राहणं त्याला जमलं नसतं.

"बंदूक तुला हवीय," ती म्हणाली. "मग कागद तू भर. रँडलला कशाला त्रास?"

"आई, तमाशा करू नकोस."

"लिही."

त्याने कागद घेतला. त्याची नजर खाली उतरत गेली आणि जिथे थांबायची तिथे थांबली. घरातल्या माणसाला मारल्याचा गुन्हा शाबित झाला आहे का? हो, की नाही? डेल्फिया त्याचा चेहरा बघत होती. लहानपणी तो शाळेचा निकाल असाच धरायचा.

"तुला माहितीये मला काय लिहावं लागेल," तो म्हणाला.

"माहितीये. तेव्हाही माहीत होतं, पण मी रँडलला विचारलं नाही. त्यात माझी चूक होती. आता विचारतेय."

त्याने नजर वर केली. शेडच्या दारात मेल्डा येऊन उभी होती, हात पुसायचं फडकं तसंच हातात. ती मागे सरकली नाही. अर्लिसने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि मग स्टीअरिंगवर कपाळ टेकलं.

"पपांची एक तरी ठेवायची होतीस माझ्यासाठी," तो म्हणाला. आवाज फुटला होता. "एक तरी."

डेल्फियाला रडू येत होतं आणि तिने ते लपवलं नाही. तिने खिडकीतून हात घालून त्याच्या मानेवर ठेवला, लहानपणी ठेवायची तसा.

"तू तुरुंगाबाहेर राहावंस म्हणून विकल्या सगळ्या," ती म्हणाली. "आणि ती जिवंत राहावी म्हणून. मला दोन्ही हवेत, अर्लिस. तुला एक बंदूक दिली की दोन्ही जातात. कागदावर लिही, नाहीतर परत दे."

त्याने कागद परत दिला. कोराच होता, फक्त वर रँडलचं नाव आणि पत्ता. ट्रक निघाला, वळणावर गेला. तो परत येईल का, कसा येईल, हे कुणालाच सांगता आलं नसतं, तिलाही नाही.

शेडमध्ये रँडल टोपी चुरगाळत उभा होता. "मी कसा जाऊ आता?" तो म्हणाला.

"चालत," डेल्फिया म्हणाली. तिने तो कागद कपाटात ठेवला, कुलूप लावलं, आणि मेल्डाच्या हातातलं फडकं घेऊन डोळे पुसले.